नीट न ऐकलेल्या मुलाखती

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पाच महिने डहाणूला राहिलो. त्याआधी तीस वर्षं ठाण्याकडच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. पत्रा कापायचे आणि दाबून आकार द्यायचे मोठे प्रेस होते तिथे. कुणाचं बोट जाऊ नये, डोळ्यात कण उडू नये, जिन्यावर तेल सांडलेलं राहू नये, हे बघायचं माझं काम. निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी बायको गेली. मुलगी बेंगळुरूला असते. ती म्हणाली, बाबा, इकडे या. गेलो, पंधरा दिवस राहिलो आणि परत आलो. ती आणि जावई सकाळी कामावर निघून जायची आणि मी त्यांच्या घरात पाहुण्यासारखा बसून असायचो. बसायचंच तर आपल्या घरात बसावं, असं वाटलं.

अशात एका जुन्या सहकाऱ्याने एका संस्थेला माझं नाव सुचवलं. त्यांना पंचावन्नच्या पुढच्या कामगारांची पाहणी करायची होती. या वयात माणूस काम कसं करतो, काय दुखतं, कुठे पडतो, कुठे लागतं, आणि कामाच्या जागेत काय बदललं तर त्याला झेपेल, असा विषय. जागा ठरलेल्या होत्या. तलासरीच्या बाजूची लहान वर्कशॉपं आणि डहाणूच्या चिकूच्या वाड्या. मी लगेच हो म्हटलं. विषय माझ्या ओळखीचा होता हे खरं, पण घरातून बाहेर पडायला कारण मिळालं हे जास्त खरं.

डहाणूला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. खाली घरमालक आणि त्यांची बायको, दोघंही सत्तरीच्या पुढचे, घरात गुजराती बोलणारे. सुरुवातीला त्यांनी दोनतीनदा चहाला बोलावलं. मी जायचो, ते काही सांगायचे, मी हसून मान हलवायचो आणि चहा संपवून वर यायचो. पुढे बोलावणं बंद झालं. मला वाटलं, भाषेची अडचण. जेवणाचा डबा यायचा. तो आणणारी बाई दारात ठेवून जायची आणि बेल वाजवायची म्हणे. मला डबा नेहमी गार मिळायचा, तेव्हा ती बेल न वाजवताच जाते असं मी धरून चाललो होतो.

पहिला महिना तलासरीत गेला. सकाळी बसने हायवेवर उतरायचं आणि आतल्या रस्त्याने वर्कशॉपमध्ये जायचं. कुठे लोखंडी जाळ्या वेल्डिंग करायचे, कुठे प्लास्टिकच्या बादल्या ओतायचे. यंत्रांचा आवाज एवढा की प्रत्येक जण ओरडून बोलायचा, हातवारे करायचा, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचा. मी तीस वर्षं असाच ऐकत आलो होतो. मला तिथे घरी आल्यासारखं वाटलं. मुलाखती भराभर झाल्या. वय विचारणं तेवढं अवघड होतं. निम्म्या लोकांच्या आधार कार्डावर एक जानेवारी हीच जन्मतारीख. मग लग्न कधी झालं, पहिलं मूल किती मोठं, पहिली नोकरी लागली तेव्हा हायवे दोन पदरी होता की चार, असं विचारून अंदाज बांधायचो. तो अंदाज लिहिताना शिसपेन वापरायचो, बाकी सगळं पेनने.

मग डहाणूच्या वाड्या सुरू झाल्या आणि माझं काम अडलं.

चिकूची वाडी म्हणजे दिवसाही सावलीच सावली. झाडं जुनी, काही तर मालकाच्या आजोबांनी लावलेली, आता घराएवढी उंच झालेली. तोडणीचं काम बहुतेक वयस्कर माणसंच करतात. तरुण मुलं सकाळी तलासरीच्या नाहीतर पलीकडे गुजरातच्या कंपन्यांत जातात. वाडीत मागे राहिलेले पन्नाशी-साठीचे. झाडाला शिडी लावायची, वर चढायचं, टोकाला जाळी लावलेली बांबूची काठी उंच धरायची आणि फळ जाळीत ओढायचं. टोपली भरली की दोरीने खाली सोडायची. दिवसभर मान वर, हात वर. पाहणीच्या दृष्टीने याहून योग्य काम शोधून सापडलं नसतं.

पण वाडीत मला कुणाचं बोलणं कळेना. ती माणसं हळू बोलायची. तोंड झाडाकडे, किंवा तोंडावर टॉवेल गुंडाळलेला. आपसात ती वारली बोलायची, मालकाशी गुजराती, आणि माझ्याशी तिसरंच काहीतरी, असं मला वाटायचं. आवाज ऐकू यायचा, त्यातला एखादा शब्द हाती लागायचा. मी तो धरून बाकीचं जुळवायचो आणि फॉर्मवर खूण करायचो. असे चौतीस फॉर्म भरले. मग संस्थेला कळवलं की इथल्या बोलीमुळे अडचण येते आहे, दुभाषी लागेल. त्यांनी मान्य केलं.

जवळच्या गंजाड गावच्या एक बाई मिळाल्या. चाळिशीच्या. काही वर्षं आरोग्य खात्याच्या आशाताई म्हणून गावोगाव हिंडलेल्या, मराठी, गुजराती आणि वारली तिन्ही सारख्याच सहज बोलणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर. पहिल्या दिवशी आम्ही एका शेडमध्ये गेलो. तिथे चार बायका जमिनीवर बसून चिकू निवडत होत्या. मोठे एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात. मी प्रश्न विचारला, एका बाईने उत्तर दिलं आणि मी ताईंकडे बघितलं. ताई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी मला सांगितलं की मान आणि कंबर दुखते म्हणतात. मी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न, पुन्हा तसंच. काम सुरळीत चाललं म्हणून मी खूश होतो. पाच दिवस असे गेले.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही वाडीच्या कडेला डबे उघडून बसलो होतो. ताईंनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला होता.

"सर, एक बोलू? राग मानू नका."

मी म्हटलं, बोला.

"ती माणसं तुमच्याशी मराठीतच बोलतात."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी काहीतरी सांगायला लागलो. मराठी असली तरी लकब वेगळी आहे, शब्द वेगळे आहेत, आम्हा शहरातल्या लोकांना पटकन कळत नाही. ताईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की मघाशी विहिरीजवळून येताना त्यांनी मागून मला तीन वेळा हाक मारली होती. पाणी घेऊ का, म्हणून विचारत होत्या. त्यांचे सासरे खडी फोडायच्या क्रशरवर होते. तेही असेच मान हलवून हसायचे.

मी भाजीकडे बघत राहिलो. रागच आला होता. बाईमाणसाने, तेही पाच दिवसांच्या ओळखीवर, असं तोंडावर सांगावं. मी म्हटलं, ऊन फार आहे, आज इथेच थांबू. ताईंनी माझ्या फॉर्मची पिशवी आवरून दिली आणि गंजाडकडची रिक्षा पकडली.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांखाली माणसं बसली होती, बोलत होती, हसत होती. पाण्याच्या कडेला उभा राहून मी कान देऊन ऐकलं. लाट फुटल्याचा धप्प आवाज येत होता. त्याच्या नंतर पाणी वाळूवरून मागे सरतं तेव्हा जी सळसळ होते ती येत नव्हती. पाणी मागे जाताना दिसत होतं, फेस विरताना दिसत होता, आवाज नव्हता. किती दिवस नव्हता ते मला आठवेना.

मला कारखाना आठवला. दरवर्षी कामगारांच्या कानांची तपासणी मीच करून घ्यायचो. कानात बोळे घाला म्हणून ओरडायचो, न घालणाऱ्यांची नावं लिहायचो. स्वतः मात्र प्रेसच्या खात्यात फिरताना बोळे काढून खिशात टाकायचो, कारण माणसांशी बोलायचं असायचं. शेवटच्या काही वर्षांत माझ्या तपासणीच्या कागदावर मी तपासणी न करताच सही केली होती. वेळ नव्हता असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, मला कळायला नको होतं.

आणि बायको आठवली. लग्नाकार्यात ती माझ्या डाव्या बाजूला बसायची. कुणी काही विचारलं की ती तेच वाक्य सहज पुन्हा बोलायची, "अहो, हे विचारताहेत की मुलगी कुठे असते." फोन तीच घ्यायची. दुकानदाराने सांगितलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं, शेजाऱ्यांनी जिन्यात सांगितलेलं, सगळं तिच्या तोंडून पुन्हा एकदा माझ्यापर्यंत यायचं, आणि ती हे मुद्दाम करते आहे असं तिने मला एकदाही जाणवू दिलं नाही. ती गेल्यावर घर एकदम मुकं झालं. भेटायला येणारे लोकही माझ्याशी कमी बोलायला लागले असं वाटायचं. मी ते सगळं दुःखाच्या खात्यावर टाकलं होतं. त्यातलं दुःख किती आणि कान किती, याचा हिशेब त्या दिवशी समुद्रावरही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई येतील की नाही अशी धास्ती होती. त्या आल्या. मी त्यांना चौतीस फॉर्मचा गठ्ठा दाखवला आणि म्हटलं, हे सगळे पुन्हा भरायचे आहेत. तुम्ही विचारायचं, तुम्ही लिहायचं. मी शेजारी बसेन. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, वजन बघावं तसा जरा वर-खाली केला आणि म्हणाल्या, चला. संस्थेला मी त्याच दिवशी खरं कारण लिहून पाठवलं. त्यांनी तीन आठवडे मुदत वाढवून दिली. कानांबद्दल कुणी एक शब्दही लिहिला नाही, याचं मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही.

पुन्हा भरताना काय काय निघालं ते सांगायला आजही संकोच वाटतो. एका निवडणाऱ्या बाईंच्या फॉर्मवर 'त्रास' या रकान्यात मी 'घरी गाय आहे' असं लिहिलं होतं. त्या पाय म्हणाल्या होत्या. त्यांचे पाय संध्याकाळपर्यंत एवढे सुजायचे की चपला हातात घेऊन घरी जावं लागायचं. ताईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा शेडमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. त्या हसण्यात त्या दिवशी बरं वाटलं. पुढे त्या माझ्याशी बोलताना तोंड वळवून, माझ्याकडे बघून बोलायला लागल्या. दोन दिवसांत ही गोष्ट आजूबाजूच्या वाड्यांतही पोचली असावी, कारण नवीन माणसंही तोंडावरचा टॉवेल काढून मगच बोलायची.

मग रानशेतच्या बाबांची पाळी आली.

बाबा म्हणजे तिथल्या एका वाडीतले सगळ्यात जुने तोडणीवाले. मी त्यांना बाबा म्हणायचो, पण मोजायला गेलं तर ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. बारीक अंगाचे, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर टॉवेल. त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच पाड्यावरचा, वयाने थोडा लहान. दोघं कायम एका झाडावर. एक एका बाजूला शिडीवर, दुसरा पलीकडच्या फांदीवर, आणि पानांच्या आड दिवसभर त्यांचं बोलणं चाललेलं. त्यांची पहिली मुलाखत मी एकट्यानेच घेतली होती. ते झाडाखाली उभे होते, वर बघत, हसत बोलत होते. चक्कर येते का, या प्रश्नाला त्यांनी बरंच काही सांगितलं होतं आणि मी 'नाही' वर खूण केली होती.

या वेळी ताईंनी तोच प्रश्न विचारला. बाबा माझ्यासमोर बसले, माझ्या तोंडाकडे बघत सावकाश बोलले. मला सगळं कळलं.

"डोकं वर केलं का फिरतं. मग फांदीला धरायचं न् डोळे मिटून उभं राहायचं. जातं आपोआप. मागं पण सांगितलं होतं की मी तुम्हाला."

मी म्हटलं, मला ऐकू आलं नव्हतं.

"तुम्ही हसलात," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. त्यांना वाटलं होतं की साहेबाला माहीत असेल, असं सगळ्यांनाच होत असेल.

पहिल्या मुलाखतीपासून या मुलाखतीपर्यंत महिना होत आला होता. त्या सगळ्या दिवसांत ते रोज शिडीवर चढत होते, दोन माणसांच्या उंचीवर डोळे मिटून फांदीला धरून उभे राहत होते. तीस वर्षांत जे शिकलो होतो ते आपोआप हातापायांत आलं. मी उठलो आणि तडक मुकादमाकडे निघालो. ताई मागून म्हणाल्या की थांबा, आधी बाबांना विचारू. हे मला ऐकू आलं होतं. तरीही मी थांबलो नाही.

वाडीचे मालक भले गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी बाबांना खाली उतरवलं, गाडीने सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी मानेचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि वर बघायचं काम करू नका म्हणून बजावलं. मालकांनी बाबांना निवडणीच्या शेडमध्ये बसवलं, मजुरी होती तीच ठेवली. मला फोन करून आभार मानले. मी फॉर्मच्या मागे सगळं सविस्तर लिहून ठेवलं. एका अपघाताच्या आधी आपण पोचलो, असं समाधान वाटलं. फार दिवसांनी वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्या शेडमध्ये गेलो तेव्हा बायका गोल करून बसल्या होत्या आणि बाबा खांबाला टेकून बाजूला. त्यांच्यासमोर वेगळा ढीग. बायकांचं आपसात बोलणं चाललं होतं, घरचं, सुनांचं, लग्नाचं. बाबा एक फळ उचलायचे, फिरवून बघायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. पलीकडच्या झाडांतून जोडीदाराचा आवाज येत असावा, कारण मधूनच बाबा मान वळवून तिकडे बघायचे. जोडीदाराबरोबर आता दुसरा कुणीतरी माणूस दिला होता. मी बाबांजवळ बसलो, कसं काय म्हणून विचारलं. त्यांनी बरं आहे म्हणून मान हलवली आणि हसले. तसलं हसणं मी चांगलं ओळखत होतो.

त्यानंतर ते यायचे बंद झाले.

चार दिवस वाट बघून ताई आणि मी रानशेतला गेलो. बसमधून उतरून पाड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत ताई काही बोलल्या असत्या तरी चालताना मला कळलं नसतं. बाबा घराच्या ओट्यावर बांबूच्या पट्ट्या काढत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी कोयता बाजूला ठेवला, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसलो. बाबांनीच मला तसं खुणावून बसवलं.

मी विचारलं, कामावर का येत नाही. मजुरी तीच आहे, पडायची भीती नाही.

ते जरा वेळ बांबूची पट्टी बोटांत फिरवत राहिले.

"वर असलो का माझा माणूस तिकडून बोलायचा, मी इकडून. दिवस कधी गेला समजायचा नाही. तिथं खाली माझ्याशी कोण बोलंल? बायांच्यात मी काय बोलू?"

मी म्हटलं, पण बाबा, तुम्ही पडला असता.

"पडलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही वेळेवर ऐकलं ते बरं केलं. पण मला विचारलं नाही."

सुनेने पाणी आणलं. मी तांब्या हातात घेतला आणि पाणी प्यायलो. तीस वर्षांत मी किती माणसांना यंत्रावरून हलवलं असेल. याला दिसत नाही, स्टोअरमध्ये टाका. याचा हात थरथरतो, गेटवर बसवा. सगळे जिवंत राहिले, धडधाकट निवृत्त झाले. त्यांच्यातल्या एकाकडेही, तू तिथे बसून कसा आहेस, हे विचारायला मी गेलो नव्हतो. मी बाबांची माफी मागितली. मोठ्याने बोललो असावा, कारण घरातून दोन माणसं बाहेर डोकावली. बाबांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी विषय बदलला, ताईंना त्यांच्या माहेरचं काहीतरी विचारलं, आणि मग त्यांचं दोघांचं वारलीत बरंच बोलणं झालं. त्यातलं मला काही कळलं नाही, आणि ते कळायला नको होतंच.

यावर उपाय मी काढला असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी दोन योजना करून मालकांकडे गेलो होतो. एक रोपवाटिकेची, एक पाणी सोडण्याच्या कामाची. दोन्हींत बाबा एकटेच पडत होते. उपाय काढला जोडीदाराने. तो एक दिवस स्वतःच रानशेतच्या ओट्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, मी वरून टोपली सोडतो, ती खाली तू घे. नाहीतरी नवीन माणूस टोपली आपटतो, फळं फुटतात. हे मला ताईंनी सांगितलं. टोपली उतरवून घ्यायला मान वर करावी लागत नाही, दोरी हाताला लागली की कळतं. मालकांना यात अडचण काहीच नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी मी एकदा त्या झाडाजवळ जाऊन उभा राहिलो. बाबा खाली, जोडीदार वर, मध्ये दोरी. दोघांची तोंडं चालू होती. मी गेलो तसे ते थांबले, बाबांनी टॉवेल काढून मला नमस्कार केला, बसा म्हणाले. मी पाच मिनिटं बसलो. मी आहे तोवर ते माझ्याकडे तोंड करून, माझ्यासाठी सावकाश बोलत राहिले आणि जोडीदार वर गप्प. मग मी काम आहे असं सांगून निघालो.

अहवालात मी कलमं घातली. शिड्या रुंद पायांच्या असाव्यात, दर तासाला मान खाली करून विश्रांती, मानेची आणि डोळ्यांची वर्षाला तपासणी, उंच झाडांची छाटणी. त्यात एक कलम असं होतं की वयस्कर कामगाराचं काम बदलायचं तर आधी त्याला विचारावं आणि शक्यतो त्याच्या जोडीदारापासून तोडू नये. संस्थेतल्या तरुण बाईंनी फोन करून विचारलं की याला आधार काय. काय विचारलं ते मी त्यांना तीनदा सांगायला लावलं. मग मी आधार लिहून पाठवला, दोन पानं. कलम राहिलं की गेलं ते मला माहीत नाही.

ताईंचा निरोप घेताना मी त्यांना एवढंच म्हणालो की त्या दिवशी बोललात ते बरं झालं. त्या म्हणाल्या की पाच दिवस त्यांना त्याच विचाराने झोप नव्हती. सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, म्हातारा खुळा झाला. ते तसेच गेले.

ठाण्याला आल्यावर कान तपासून घेतले. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवला. असले आलेख मी शेकड्याने बघितलेले, तिने समजावून सांगायची गरज नव्हती, तरी मी तिला सांगू दिलं. दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिल्या दिवशी रस्त्यावरून घरी येईपर्यंत डोकं उठलं. पिशवीचा चुरचुर आवाज, माझ्याच चपलांचा आवाज, जिन्यातल्या कुलपाचा आवाज. ती मुलगी म्हणाली होती की सवय व्हायला दोन-तीन महिने लागतील. रोज एक तास शांत खोलीत घरच्या कुणाशी तरी बसून बोलत जा. कान पुन्हा शिकतात. घरी कोण असतं तुमच्याशी बोलायला, असं तिने विचारलं आणि पेन उघडून थांबली. मी म्हटलं, असतात.

मुलीशी फोनवर बोलतो, पण ती कामात असते, दहा मिनिटांच्या पुढे मीच लांबवत नाही. पहिला आठवडा वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. स्वतःचाच आवाज परक्या माणसासारखा वाटायचा. मग एक दिवस खाली उतरलो. आमच्या इमारतीचा वॉचमन साठीच्या पुढचा आहे. फाटकाशी त्याची एक खुर्ची, शेजारी दुसरी मोडकी. मी मोडकीवर बसलो. तो गडबडला, उठून उभा राहिला, साहेब काही काम होतं का, म्हणाला. मी म्हटलं, काम नाही, बसा.

आता रोज चारच्या सुमाराला जातो. तो हिंदीत त्याच्या गावाकडचं सांगतो, गव्हाचं, भावांचं, नातीच्या शाळेचं. मी त्याला सुरक्षिततेचं काही विचारत नाही. त्याचे पाय सुजलेले असतात ते मला दिसतं, आणि खुर्चीपुढे एक वीट ठेवून त्यावर पाय टेकवायला मी सुचवलं, पण आधी त्याला विचारून. काही दिवस तो बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. तेव्हा मीही बोलत नाही. गाड्या आत येतात, बाहेर जातात, तो उठून फाटक उघडतो आणि पुन्हा येऊन बसतो. तास भरला की मी वर येतो.